गरम इंजिन बंद केलं की पुन्हा चालू होत नाही: जुन्या अमेरिकन व्ही-८ गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

थंड असताना गाडी पहिल्या सेल्फला चालू होते, तासभर छान धावते. पेट्रोल भरायला किंवा कॉफीला थांबून इंजिन बंद केलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत किल्ली फिरवली, की मात्र अडते. अर्धा-पाऊण तास तशीच उभी ठेवली तर काहीच झालं नव्हतं अशी चालू होते. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आम्हा जुन्या गाडीवाल्यांच्या वाट्याला ही तक्रार दर उन्हाळ्यात येते.

आमची गाडी १९६५ची शेव्हरोले इंपाला आहे. २८३ घनइंची व्ही-८ इंजिन, दोन नळ्यांचा रॉचेस्टर कार्ब्युरेटर आणि पॉवरग्लाइड हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिच्यावर आणि ओळखीपाळखीच्या मस्टँग, डार्ट, कटलस अशा गाड्यांवर हा दोष मी वारंवार काढला आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून ती चालू आहे. फर्नडेलपासून पाँटियॅकपर्यंत वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते, ऊन डोक्यावर असतं आणि रेडिएटरला वारा मिळत नाही. त्या दिवशी कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं हेच असतं.

बहुतेक जण याला सरसकट 'व्हेपर लॉक' (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) म्हणतात आणि नवा कार्ब्युरेटर किंवा इलेक्ट्रिक पंप मागवतात. प्रत्यक्षात दोष बरेचदा सैल अर्थच्या वायरीत, ठिणगीच्या वाटेवरच्या जळक्या कंडेन्सरमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीच्या चुकीच्या झाकणात सापडतो. पैशांपेक्षाही मला गाडीची काळजी वाटते. साठ वर्षं मूळ रूपात जपलेल्या गाडीच्या फायरवॉलला (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्याला) एकदा भोक पाडलं की ते कायमचं. म्हणून फुकटच्या तपासण्या आधी, स्वस्त दुरुस्त्या नंतर आणि इंजिनची उघडझाक सगळ्यात शेवटी. जो बदल करायचा तो पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल असाच करायचा, आणि काढलेला मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवायचा.

खालचा क्रम साधारण १९५५ ते १९७४ मधल्या, १२ व्होल्टच्या, कार्ब्युरेटर आणि यांत्रिक फ्युएल पंप असलेल्या गाड्यांसाठी आहे. सहा व्होल्टच्या गाड्यांबद्दल मध्ये थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी लक्षणं

हा दोष फक्त गरम असताना जिवंत असतो. टो ट्रकवरून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत इंजिन थंड होतं आणि मेकॅनिकला काहीच दिसत नाही. तेव्हा गाडी अडलेली असते ती पंधरा-वीस मिनिटंच तपासणीची खरी वेळ. डिकीत मल्टिमीटर, स्पार्क टेस्टर, जोडीला एक कंडेन्सर, दोन-तीन पाने (स्पॅनर), सुती फडकी, पाण्याची बाटली आणि पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक असावं. शेवटची वस्तू नसेल तर बॉनेटखाली पेट्रोलच्या वाटेला हात लावू नका.

किल्ली फिरवल्यावर नेमकं काय होतं?

- फक्त 'टक्' असा आवाज येतो, किंवा तोही नाही. सेल्फ फिरतच नाही.
- सेल्फ फिरतो, पण जड. अडखळत, कण्हत फिरतो.
- सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पेट्रोलचा उग्र वास येतो.
- सेल्फ झकास फिरतो, इंजिन पकडत नाही आणि वासही नाही.
- इंजिन चालू होतं, अर्धा मिनिट चालतं आणि मरतं.
- सेल्फ मारताना पकडतं, पण किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद. किंवा याच्या उलट: सेल्फ मारताना काही नाही, किल्ली सोडताना एकदम पकडतं.

पहिली दोन लक्षणं विजेच्या जाड वायरींची, सेल्फची किंवा टायमिंगची (ठिणगी पडायच्या वेळेची) आहेत. तिथे कार्ब्युरेटरचा काही संबंध नाही. तिसरं आणि पाचवं पेट्रोलचं. चौथं पेट्रोलचंही असू शकतं आणि ठिणगीचंही, आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. सहावं जवळजवळ नेहमी ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलकडचा प्रवाह कमी करणाऱ्या रेझिस्टरचं किंवा त्याला बगल देणाऱ्या वायरीचं असतं. ही वर्गवारी वहीत लिहून ठेवा. पुढे मेकॅनिककडे जावं लागलं तरी ती कामाला येते.

पेडल दाबून धरा

तिसऱ्या लक्षणासाठी, फुकट. अॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबा, तिथेच दाबून धरा आणि सात-आठ सेकंद सेल्फ मारा. पेडलला पंप मारू नका. प्रत्येक पंपाबरोबर कार्ब्युरेटर आणखी दोन पिचकाऱ्या आत सोडतो आणि आधीच ओले झालेले प्लग आणखी भिजतात.

यामागचं कारण असं. इंजिन चालू असताना पंखा आणि आत येणारं थंड पेट्रोल कार्ब्युरेटरला गार ठेवतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतं, पण खालच्या लोखंडातली उष्णता वर चढतच राहते. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि दूध उतू जावं तसं नळीतून खाली मॅनिफोल्डमध्ये सांडतं. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला लागतात आणि अमेरिकेतल्या हल्लीच्या पेट्रोलमध्ये सहसा १० टक्के इथेनॉल असतं, ते ७८ अंशांना उकळतं. पेडल पूर्ण दाबल्याने हवेची वाट सताड उघडते आणि जास्तीचं पेट्रोल बाहेर फेकलं जातं.

या उपायाने प्रत्येक वेळी गाडी चालू होत असेल तर निदान झालं: गाडी फ्लड होते आहे. तात्पुरतं तेवढ्यावर भागवता येतं. कायमचा उपाय फ्लोटच्या (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) उंचीत आणि उष्णता अडवण्यात आहे, तो खाली येईल.

एअर फिल्टर काढून आत बघा

हीसुद्धा फुकटची तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती देणारी. किल्ली बंद, सिगारेट-लायटर जवळपास नाही, अग्निशामक हाताशी. फिल्टरचं झाकण काढा आणि कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्चचा उजेड टाका.

चोकची, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा अडवणारी, पाती उभी आहे का? गरम इंजिनावर ती सरळ उभी, म्हणजे पूर्ण उघडी असायला हवी. अर्धवट मिटलेली दिसली तर बोटाने उघडा आणि तशीच धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. चेहरा मात्र बाजूला ठेवा. इंजिनने बॅकफायर केलं तर ज्वाळा त्याच घशातून येते. चालू झाली तर दोष चोकचा आहे. पातीचा दांडा वंगणाच्या काजळीने जाम होतो किंवा चोकच्या गुंडाळीकडे गरम हवा आणणारी बारीक नळी गंजून तुटते. साफसफाई आणि एक नळी, एवढ्यात काम होतं.

आता थ्रॉटलचा दांडा हाताने एकदाच झटक्यात पुढे ओढा. आत पेट्रोलच्या दोन बारीक, ठसठशीत धारा दिसायला हव्यात. दिसल्या तर वाटीत पेट्रोल आहे, व्हेपर लॉकचा विषय तिथेच संपला, ठिणगीकडे वळा. धारा आल्याच नाहीत, किंवा नुसता फेस-फुसफुस झाली, तर वाटी रिकामी आहे: पेट्रोल उकळून गेलं आणि पंप नवं आणू शकत नाही. आणि हात न लावताच वरच्या नळीतून थेंब टपकत असतील तर वाटी उतू जाते आहे. या एका नजरेने पुढची अर्धी वाट ठरते.

टाकीचं झाकण

पाचव्या लक्षणात आणि लांबच्या प्रवासात अडणाऱ्या गाड्यांमध्ये हे आधी बघा. साठच्या दशकातल्या टाक्यांना हवा आत घेणारं झाकण लागतं. पुढे, १९७०-७१ पासून, पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठवायची पद्धत आली आणि झाकणं बंदिस्त झाली. दोन्ही झाकणं दिसायला सारखी असतात आणि दुकानात हमखास बदलतात. बंदिस्त झाकण जुन्या टाकीवर बसलं की जितकं पेट्रोल जातं तितकी पोकळी वाढते आणि अखेर पंपाची ओढ कमी पडते. गाडी अडल्यावर झाकण सैल करा. जोराने हवा आत गेल्याचा 'फुस्स' आवाज आला आणि नंतर गाडी नीट चालली तर बरोबर जातीचं झाकण घ्या. झाकण न लावता गाडी पळवू नका.

बॅटरीची टोकं आणि अर्थ

पहिल्या दोन लक्षणांची बहुतेक प्रकरणं इथे मिटतात. बॅटरीची दोन्ही टोकं काढून तारेच्या ब्रशने चकचकीत करा. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल इंजिनला जिथे बोल्टने बसते ती जागा उघडा. तिथे रंग, गंज आणि तेलाचा थर असतो. इंजिनपासून फायरवॉलला जाणारी विणलेली अर्थची पट्टीही शोधा. इंजिन बाहेर काढून परत बसवलेल्या गाड्यांत ती कितीदा तरी जोडायची राहून गेलेली असते.

गरम असतानाच का त्रास होतो? तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, २० अंशांवरून १०० अंशांवर गेला की सुमारे ३० टक्क्यांनी. सेल्फला प्रवाह जोडून देणाऱ्या सोलेनॉइडची गुंडाळी एक्झॉस्टच्या शेजारी भाजली की तिच्यातून जाणारा प्रवाह तेवढा घटतो. थंड असताना निकृष्ट जोड खपून जातो, गरम असताना तो थोडासा तोटाही भारी पडतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत सोलेनॉइड सेल्फच्याच पाठीवर, एक्झॉस्टला खेटून असतो, त्यामुळे 'टक्' होऊन थांबायची खोड त्यांना जास्त. फोर्डचा रिले बॉनेटखाली बाजूच्या पत्र्यावर, गारव्याला असतो. तिथे केबल आणि सेल्फ यांच्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

साफसफाईनंतर मोजमाप. कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थला लावा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दोष दिसत असताना, म्हणजे गरम इंजिनावर, हे आकडे घ्या:

- बॅटरी: विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये.
- बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिनचा ब्लॉक: सेल्फ मारताना ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कमजोर.
- बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट: ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा जोड खराब.
- शेव्हीत (शेव्हरोलेत) सोलेनॉइडच्या 'एस' टोकावरची जांभळी वायर: सेल्फ मारताना इथला व्होल्टेज बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा एक-दीड व्होल्टहून जास्त कमी नसावा.

शेवटचा आकडा फार महत्त्वाचा. तो प्रवाह फायरवॉलच्या जोडातून आत किल्लीपर्यंत, तिथून न्यूट्रल सेफ्टी स्विचमधून (गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फ लागू देणाऱ्या) परत बाहेर असा लांबचा फेरा मारून येतो. प्रत्येक जोड थोडं खातो. फायरवॉलचा जोड उघडून साफ केला, किल्लीचा स्विच बदलला तर पुष्कळदा नवा सेल्फ घ्यावाच लागत नाही. गिअर पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये टाकून सेल्फ लागला तर सेफ्टी स्विच सरकलेला आहे.

सेल्फ जड फिरत होता आणि कॉइलची वायर काढल्याबरोबर मोकळा फिरायला लागला? मग बॅटरीला दोष देऊ नका. टायमिंग जास्त पुढे गेलं आहे, ठिणगी वेळेआधी पडून पिस्टनला मागे ढकलते आहे. टायमिंग लाइटने गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या अंशावर आणा, व्हॅक्यूमची नळी काढून आणि तिचं तोंड बंद करून.

सहा व्होल्टच्या गाड्या, म्हणजे साधारण १९५५ च्या आधीच्या, तेवढ्याच कामाला दुप्पट प्रवाह ओढतात. त्यांना जाडजूड केबल लागते. दुकानात तयार मिळणारी १२ व्होल्टची बारीक केबल लावली की थंड असताना चालतं आणि उन्हात दगा देतं. मुंबई-पुण्यात अजूनही प्रेमाने जपलेल्या जुन्या डॉज, प्लिमथ, शेव्हरोले गाड्यांना हे सगळ्यात आधी लागू पडतं. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीत गाड्या जुळवत होती, पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये क्रायस्लरच्या गाड्या जुळल्या. सहा व्होल्टच्या क्रायस्लर आणि फोर्ड घराण्यातल्या गाड्यांचा अर्थ पॉझिटिव्ह असतो. केबलच्या रंगावर न जाता बॅटरीवरची खूण वाचून मगच जोडा.

गरम असतानाची ठिणगी

कार्ब्युरेटरमध्ये दोन्ही धारा दिसल्या, सेल्फही छान, तरी पकडत नाही. आता स्पार्क टेस्टर एका प्लगच्या वायरीला लावा, दुसरं टोक इंजिनला, आणि सेल्फ मारा. निळी, कडकडीत ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी किंवा गायब असेल तर स्वस्तातला भाग आधी: कंडेन्सर. ही किरकोळ वस्तू गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, त्यामुळे घरी तपासली की निर्दोष ठरते. रस्त्याकडेलाच बदलून बघा. जुन्या साठ्यातला, त्या काळातच बनलेला कंडेन्सर मिळाला तर मी तो घेते. हल्ली बनणाऱ्यांपैकी बरेच कच्चे निघतात.

मग पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाक करणारे संपर्क. शेव्हीत नव्या पॉइंटची फट इंचाच्या १९ हजारांश, वापरलेल्यांची १६ हजारांश, आणि ड्वेल (पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन) ३० अंश. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला छोटी खिडकी असते, तिच्यातून इंजिन चालू असताना षट्कोनी चावीने ड्वेल जुळवता येतो. फार सुंदर सोय आहे ती.

मग कॉइल. पॉइंट मिटलेले असताना, किल्ली चालू ठेवून, कॉइलच्या प्लस टोकावर साधारण सहा ते आठ व्होल्ट दिसायला हवेत. पूर्ण बारा दिसले तर कुणीतरी मधली रेझिस्टन्स वायर उडवली आहे आणि कॉइल रोज थोडी थोडी भाजते आहे. काहीच नाही दिसलं तर वायर किंवा रेझिस्टर तुटलेला. क्रायस्लरच्या गाड्यांत हा रेझिस्टर फायरवॉलवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यात बसवलेला असतो. तो तुटला की सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताच मरतं, कारण सेल्फच्या वेळी प्रवाह त्याला बगल देऊन येतो. उलट, किल्ली सोडताना पकडणाऱ्या शेव्हीत सोलेनॉइडच्या 'आर' टोकावरची पिवळी वायर सुटलेली किंवा तुटलेली सापडते. ही मोजणी झाली की किल्ली लगेच बंद करा. पॉइंट मिटलेले असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते.

सत्तरीच्या मधल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत कंडेन्सर-पॉइंटच्या जागी मॉड्यूल असतो. तोही गरम झाल्यावरच मरतो. जनरल मोटर्सचा मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्या आत बसतो, त्याच्या खाली उष्णता वाहून नेणारा लेप लावलाच पाहिजे. लेप न लावता बसवलेला नवा मॉड्यूल थोड्याच दिवसांत जातो.

पेट्रोल, नळ्या, फिल्टर

धारा आल्या नव्हत्या, वाटी रिकामी होती, अशांसाठी हा भाग.

आधी बघा टाकीत पेट्रोल कोणत्या मोसमाचं आहे. अमेरिकेत उन्हाळी पेट्रोल कमी बाष्पशील असतं. पंपांवर त्याची सक्ती १ जून ते १५ सप्टेंबर. हिवाळी पेट्रोलमध्ये ब्युटेन जास्त असतं, थंडीत इंजिन चटकन पकडावं म्हणून. मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ पडायला लागलं की आम्ही जुन्या गाड्या गॅरेजमध्ये बंद करतो, आणि बरेच जण ऑक्टोबरमध्ये टाकी काठोकाठ भरून ठेवतात. मे महिन्यात पहिल्या गरम दिवशी तेच हिवाळी पेट्रोल घेऊन बाहेर पडलं की नळीत फुगे धरणारच. मी शरदात टाकी अर्धीच ठेवत नाही, कारण रिकाम्या जागेत ओल धरते. गाडी बंद करण्याआधी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उन्हाळी पेट्रोलने भरते आणि वसंतात ते लवकर संपवते. बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळालं तर उत्तम. त्याने रबराच्या नळ्यांचंही आयुष्य वाढतं. विमानाचं पेट्रोल ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शिसं असतं आणि रस्त्यावर ते बेकायदा आहे.

नंतर टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या. हा ओढीचा भाग आहे: बारीक चीर पडली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून नजरेला काहीच दिसत नाही. नळी वाकवून बघा, भेगा दिसल्या की बदला. इथेनॉल सोसणारी, '३०-आर-९' असा शिक्का असलेली नळी घ्या. फिल्टरही बदला. रॉचेस्टरमध्ये तो कार्ब्युरेटरच्या तोंडाशीच, मोठ्या नटाच्या आत दडलेला असतो. हा नट दोन पाने लावूनच सोडवायचा, एकाने धातूची नळी धरून, नाहीतर नळी पिळवटते. पारदर्शक काचेचा फिल्टर एक्झॉस्टजवळ कधीही लावू नका.

धातूची नळी इंजिनच्या ब्लॉकला किंवा एक्झॉस्टला चिकटून गेली असेल तर मूळ क्लिपांमध्ये परत बसवा. नळीला लाकडी चिमटे लावायचा तोडगा इथे फार जण करतात. लाकूड उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे त्याने नळी गार होत नाही. त्यापेक्षा घाटात फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत खरोखर काम करते: पाणी उडताना पंपाची उष्णता घेऊन जातं आणि आतली वाफ परत पेट्रोल होते. फडकं पंखा-पट्ट्यापासून लांब ठेवा, आणि चालू करण्याआधी काढून घ्या.

उष्णतेचा उगम

इथून पुढे हात काळे होतात.

व्ही-८च्या एका एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या तोंडाशी हीट रायझर नावाची झडप असते. इंजिन थंड असताना ती मिटते आणि गरम धूर कार्ब्युरेटरच्या खालच्या बोगद्यातून वळवते, म्हणजे इंजिन लवकर तापावं. गरम झाल्यावर ती उघडायला हवी. गंजून मिटलेलीच राहिली तर कार्ब्युरेटर सतत चुलीवर बसलेला असतो. गाडी थंड असताना तिचं बाहेरचं वजन हाताने फिरवून बघा, सहज फिरलं पाहिजे. अडत असेल तर गंज सोडवणारं तेल मारून, रात्रभर ठेवून, हलकेच ठोकून मोकळी करा.

कार्ब्युरेटरखाली फिनॉलिकचा (उष्णता कमी वाहून नेणाऱ्या प्लास्टिकचा) जाड स्पेसर घालणं हा मला पटलेला उपाय आहे. उष्णता कमी चढते आणि मन झालं तर तासाभरात काढून मूळ गॅस्केट परत लावता येतं. बसवण्याआधी एअर फिल्टरच्या टोपीवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीचा गोळा ठेवा, बॉनेट हळू मिटवा आणि उघडून मातीची जाडी मोजा. स्पेसरपेक्षा माती जाड राहिली तरच जागा आहे. चोक आणि थ्रॉटलचे दांडे नंतर पूर्ण फिरतात ना, हेही बघायचं.

याच टप्प्यावर थर्मोस्टॅट, पंख्याभोवतीचं आवरण (श्राउड) आणि व्हॅक्यूम अॅडव्हान्सची, म्हणजे हलक्या भारावर ठिणगी आधी पाडणाऱ्या यंत्रणेची, नळी तपासा. कुणीतरी ती नळी कधीकाळी काढून ठेवलेली असते, आणि मंद चालीत इंजिन नाहक तापतं.

फ्लोटची उंची आणि नीडल व्हॉल्व्ह: वाटी उतू जात असेल तर कार्ब्युरेटरचं झाकण उघडून मॅन्युअलप्रमाणे जुळवा. सवय असेल तर एका दुपारचं काम, नसेल तर सोडून द्या. नंतर फ्युएल पंप. त्याचा दाब साधारण चार ते सहा पीएसआय असतो. त्याहून बराच कमी असेल तर बदला. जुना पंप टाकू नका, पुन्हा बांधून देणारे लोक आहेत.

सेल्फ काढणं मी शेवटी ठेवते. गाडी उचलावी लागते, आणि जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. स्टँड हवेतच, सपाट काँक्रीटवर. बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढायची. वरच्या सगळ्या मोजण्या ठीक असूनही गरम सेल्फ जड असेल, तर मूळ सेल्फ दुरुस्तीला द्या आणि परत बसवताना एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता अडवणारा मूळ पत्रा आहे ना याची खात्री करा.

कुठे थांबायचं

खालच्यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबा, किल्ली काढा आणि जाणकाराला बोलवा.

- गरम इंजिनावर पेट्रोल गळतं आहे. लोकांना लांब करा, परत सेल्फ मारू नका.
- डिपस्टिकच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो. पंपाचा पडदा फाटून पेट्रोल तेलात जात असू शकतं. अशा तेलावर इंजिन चालवलं तर बेअरिंग जातात.
- किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो, किंवा वायरीतून धूर येतो. बॅटरीची केबल काढता आली तर काढा, नाहीतर लांब व्हा.
- रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. हेड गॅस्केटची लक्षणं आहेत. गरम रेडिएटरचं झाकण उघडून खात्री करायला जाऊ नका.
- टाकी खाली उतरवायची आहे, जास्तीचं पेट्रोल टाकीकडे नेणारी परतीची नवी नळी टाकायची आहे किंवा इनटेक मॅनिफोल्ड काढून खालचा बोगदा बंद करायचा आहे.
- इलेक्ट्रिक पंप लावायचा विचार आहे. ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच त्यात असलाच पाहिजे, नाहीतर अपघातानंतरही तो पेट्रोल फेकत राहतो.
- मॅनिफोल्डचा बोल्ट फिरताना मऊ लागतो. तुटायच्या आधी हात काढून घ्या.

मेकॅनिक निवडताना एकच प्रश्न विचारा: पॉइंट आणि ड्वेल स्वतः जुळवता का? हो म्हणाला तर गाडी गरम करूनच त्याच्याकडे घेऊन जा आणि वहीतलं पान त्याच्या हातात द्या: कोणतं लक्षण, बंद केल्यावर किती मिनिटांनी, धारा दिसल्या की नाही, ठिणगीचा रंग, चार ठिकाणचे व्होल्ट, टाकीतलं पेट्रोल केव्हा भरलं. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत हवा आहे, हे काम सुरू होण्याआधी लेखी सांगा.